बीटलची मागची सीट, मोती आणि चिंगी : घाट, पाऊस आणि समुद्र

निघण्याआधीचा आठवडा

प्रवासाला दोन कुत्री होती. मोती नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन २८ किलो. चिंगी दीड वर्षाची, मिश्र जातीची, ११ किलो. गाडी १९६७ची फोक्सवॅगन बीटल १५००, ४४ अश्वशक्तीची, सीटचं मूळ रेक्झिन अजून शाबूत असलेली. मुक्कामांच्या बुकिंगबद्दल एवढंच: कुत्र्यांचं वजन आणि संख्या फोनवर सांगावी आणि होकार मेसेजवर लेखी घ्यावा, म्हणजे रात्री दारात उभं राहून वाद घालावा लागत नाही. गाडीच्या तयारीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

सुरुवात मागच्या सीटखालून करायची. बीटलची बॅटरी तिथे, उजव्या बाजूला असते. सीटच्या तळाशी पोलादी स्प्रिंगा आणि वर काथ्याची भर. उजव्या बाजूला जड वजन आदळलं की स्प्रिंगा खाली दबतात. त्या बॅटरीच्या टर्मिनलला टेकल्या तर शॉर्टसर्किट होतं आणि काथ्या पेट घेतो. यासाठी गाडीला मुळातच बॅटरीवर झाकण दिलेलं असतं, पण इतक्या वर्षांत अनेक गाड्यांमधून ते नाहीसं झालेलं असतं. माणूस सीटवर एकदा बसतो आणि बसून राहतो. कुत्रं उठतं, गोल फिरतं, धप्पकन बसतं, परत उठतं. म्हणून झाकण हवंच. ते मिळेपर्यंत जाड रबरी चटई आणि दोन्ही टर्मिनलवर टोप्या. बॅटरी मूळ उंचीचीच घ्यावी, बोटभर उंच बॅटरीसुद्धा चालत नाही, आणि ती तळाच्या पट्टीने घट्ट आवळलेली असावी. एवढं करूनही मोतीची जागा डावीकडे ठरली आणि उजवीकडे हलकी चिंगी.

सीटवर काय घालायचं, याचा क्रम महत्त्वाचा आहे. रबराची चटई थेट रेक्झिनवर ठेवली की काही आठवड्यांत रेक्झिनवर पिवळट तपकिरी डाग उमटतात आणि ते निघत नाहीत. म्हणून आधी जुनी धुतलेली सुती चादर, तिच्यावर न घसरणारी रबरी चटई, आणि सगळ्यात वर झोळीसारखं बांधायचं जलरोधक कव्हर. त्याची पुढची टोकं पुढच्या सीटच्या पाठीला आणि मागची मागच्या सीटच्या पाठीला बांधायची. कव्हरच्या बकलांना कापड गुंडाळावं, नाहीतर रेक्झिनवर पहिला ओरखडा कुत्र्याच्या नखाचा नसून बकलाचा असतो. जलरोधक थर सीटपुरता नसतो. लघवी किंवा उलटी शिवणीतून काथ्यात उतरली की काथ्या कुजतो, स्प्रिंगा गंजतात आणि खालचा बॅटरीचा पत्रा सडतो. तो पत्रा या गाडीत तसाही सगळ्यात आधी जातो.

झोळी कुत्र्याला पायाजवळच्या खड्ड्यात पडू देत नाही, पण ब्रेक लागल्यावर धरूनही ठेवत नाही. हिशोब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर २८ किलोचा मोती सुमारे ४०० किलोच्या जोराने पुढे जातो. त्यातून जुन्या बीटलमध्ये पुढच्या सीटची पाठ बऱ्याचदा खटक्याशिवाय नुसती पुढे दुमडते. म्हणजे तो जोर थेट चालवणाऱ्याच्या पाठीत. त्यामुळे हार्नेस (कुत्र्याच्या छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि त्याचा पट्टा गाडीच्या सांगाड्यालाच बांधायला हवा.

मागच्या बाजूला बेल्टच्या बोल्टाच्या जागा तयार आहेत का, ते आधी अस्तराखाली चाचपून बघावं. काही गाड्यांत त्या असतात, रबरी टोपणाने झाकलेल्या. तिथला आटा ७/१६ इंच, २० यूएनएफ (बारीक इंची आटा, इंचाला २० वेढे) असतो. मेट्रिक बोल्ट त्यात दोन वेढे जातो आणि आटा खराब करतो. जागा नसतील तर नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावू नये, पहिल्या झटक्यात तो पत्रा फाडून बाहेर येतो. मागून किमान ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी लावून, चांगल्या वेल्डरकडून काम करून घ्यावं. पट्टा रुंद विणीचा हवा. ताणला जाणारा रबरी पट्टा नको, कारण त्याने झटका मऊ होत नाही, कुत्रं फक्त जास्त लांब जातं. पट्टा कॉलरला कधीच नाही, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. लांबी अशी की कुत्र्याला बसता आणि आडवं होता यावं, पण तोंड पुढच्या सीटपर्यंत पोचू नये. मोतीसाठी ती साधारण हातभर निघाली. चिंगीसाठी त्याहून कमी.

नखं प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी कापावीत. आदल्या रात्री कापलेल्या नखांच्या कडा धारदार असतात. आणि गाडीची सवय आधी बंद गाडीत, मग इंजिन सुरू ठेवून, मग गल्लीच्या टोकापर्यंत, अशी वाढवत न्यावी.

पहिला दिवस : सपाट रस्ता, पेट्रोलपंप आणि चिंगीचं पोट

पहाटे निघायचं म्हणून कुत्र्यांचं शेवटचं जेवण आदल्या रात्रीच झालं होतं. नियम असा की पोट भरून तीन-चार तास झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पाणी मात्र तोडायचं नाही. दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे मोतीला दीड लिटरच्या आसपास, आणि तेही प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं.

दार लावण्यापूर्वी पुढची तिकोनी काच उघडायची. बीटलचा सांगाडा इतका हवाबंद असतो की सगळ्या काचा बंद असताना दार ओढलं तर आतली हवा दबते, दार नीट लागत नाही आणि कुत्र्यांच्या कानांवर ठोसा बसल्यासारखा होतो. मोती त्या आवाजाने दरवेळी डोकं झटकायचा. काच उघडी ठेवल्यावर त्याने मानही वळवली नाही.

सीटमागे जी खोलगट जागा आहे, ती पाहून बऱ्याच जणांना वाटतं की लहान कुत्र्यासाठीच बनवली आहे. चिंगीलाही तसंच वाटलं आणि पट्टा लावायच्या आत तिने तिथे उडी घेतली. तिथे कुत्रं ठेवू नये. पत्र्यापलीकडे लगेच इंजिन आहे, आवाज सगळ्यात जास्त तिथेच, उष्णता तिथेच, आणि इंजिनाच्या खोलीचं रबर जुनं झालं असेल तर धूरही सगळ्यात आधी तिथेच शिरतो.

तासाभराने चिंगी जांभया द्यायला लागली. पाठोपाठ ओठ चाटणं, मग हनुवटीवरून लाळेची बारीक तार. कुत्र्याची जांभई गाडीत झोपेची समजू नये, ती बहुतेक वेळा मळमळीची पहिली खूण असते. पिल्लांना हा त्रास जास्त, कारण तोल सांभाळणारा कानाच्या आतला भाग पुरता तयार झालेला नसतो. मोठेपणी बऱ्याच कुत्र्यांचा तो जातो, काहींचा राहतो. काच चार बोटं खाली, वेग कमी, पहिल्या सावलीत थांबा, दहा मिनिटं चालणं. उलटी झाली नाही. ज्यांना दर प्रवासात होते त्यांच्यासाठी मॅरोपिटंट हे औषध आहे, पण मात्रा वजनावर आणि वयावर ठरते, त्यामुळे ते पशुवैद्याकडून लिहून घेऊन आधी घरी देऊन बघावं. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

पेट्रोलपंपावर पोऱ्याने गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली.

"टाकी कुठंय हो हिची?"

"पुढे. बोनेट उघडतो, थांबा."

"आणि इंजिन?"

"मागे."

"मग ही दोघं बसलीत कशावर?" असं म्हणून तो चिंगीकडे बघून हसला. चिंगीने शेपटीने सीट बडवली.

या सालच्या गाडीत बाहेरून टाकीचं झाकण नाही, बोनेट उघडून पेट्रोल भरावं लागतं. एखादा शिंतोडा आतल्या सामानावर पडतोच आणि वास केबिनमध्ये येतो. कुत्र्याच्या नाकाला तो फार तीव्र. म्हणून पेट्रोल भरताना दुसऱ्याने कुत्र्यांना उतरवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यावं आणि निघण्यापूर्वी दोन्ही दारं मिनिटभर उघडी ठेवावीत. कुत्र्यांचा खाऊ आणि पांघरुणं बोनेटखाली ठेवू नयेत.

पंपाच्या आवारात आणखी एक काळजी. जमिनीवर हिरवट किंवा गुलाबी डबकं दिसलं तर कुत्र्याला त्याच्या जवळही नेऊ नये. बीटल हवेवर थंड होते, तिच्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नाही, पण शेजारी उभ्या गाड्यांतून गळलेलं असतं. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री ते चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होतात. चाटल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता तासाभरात पशुवैद्य गाठावा.

दीड तास चालणं, वीस मिनिटं थांबणं, ही लय पहिल्या दिवशी बसली आणि शेवटपर्यंत तीच राहिली. ती कुत्र्यांसाठी ठरवली होती, पण गाडीच्याही अंगाला लागली. इंजिन बंद करून पाचेक मिनिटं गेली की ऑइल खाली उतरतं आणि ते मोजायचा गज खरी पातळी दाखवतो. कुत्री झाडं हुंगून, पाणी पिऊन परत येईपर्यंत नेमका तेवढा वेळ जातो. या इंजिनात ऑइल अवघं अडीच लिटर. त्यातलं अर्धा लिटर कमी झालं तरी फरक पडतो, आणि ते कळायला गज बघण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

दुसरा दिवस : घाट आणि लाल दिवा

सकाळी हवा कोरडी, घाटाच्या पायथ्याशी धूळ. मोतीने सवयीने काचेच्या फटीला नाक लावलं. नाकापुरती फट ठीक, डोकं बाहेर नको. ताशी साठच्या वेगाने डोळ्यात गेलेला वाळूचा कण बुबुळावर ओरखडा काढतो, आणि कान वाऱ्याने सतत फडफडले की पाळीला आतून सूज येते. उघड्या गाडीत फिरणाऱ्या कुत्र्यांच्या चष्म्याची गोष्ट तर मोटारीइतकीच जुनी आहे. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन आणि मेकॅनिक स्युअल क्रॉकर यांनी विंटन गाडीतून सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा मोटारीने अमेरिका ओलांडणारा पहिला प्रवास ६३ दिवसांत केला. वाटेत आयडाहोमध्ये त्यांनी बड नावाचा बुलडॉग घेतला, जॅक्सनच्या सांगण्याप्रमाणे १५ डॉलरला. गाडीला ना छप्पर, ना पुढची काच. क्षारयुक्त धुळीने बडचे डोळे सुजायला लागल्यावर त्यालाही माणसांसारखा धुळीचा चष्मा घातला गेला आणि तो तसाच न्यूयॉर्कपर्यंत गेला. ती गाडी आणि तो चष्मा आज स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहेत. छप्पर उघडणाऱ्या गाडीत कुत्रं नेणाऱ्यांनी चष्म्याची सवय घरी, खाऊ देत देत, आठवडाभर आधी लावावी.

घाटाच्या मध्यावर डॅशवरचा लाल दिवा लागला. दुसऱ्या गाड्यांत हा दिवा म्हणजे "बॅटरी चार्ज होत नाही, घरी जाऊन बघू." बीटलमध्ये तसं नाही. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो आणि इंजिनावर वारा फेकणारा पंखा एकाच पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर, चालतात. पट्टा तुटला की वारा बंद. तापमानाचा काटा या गाडीत नाहीच, त्यामुळे हा दिवाच काय तो इशारा. पुढचं वळण बघू म्हणायचं नाही, जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. चढावर वारा नसलेलं इंजिन काही मिनिटांत कायमचं बिघडतं.

पट्टा तुटलाच होता. आधी हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकाला दगड. हँडब्रेकची केबल जुनी, आणि आत दोन कुत्री उसळ्या मारत असतील तर गाडी हलते. मग कुत्री उतरवली, दरीच्या बाजूच्या दारातून, आणि दार उघडण्याआधी हातात पट्टा घेऊन. गाडीचा पट्टा सोडायच्या आधी चालायचा पट्टा लावायचा, हा क्रम कधी मोडू नये. घाबरलेलं कुत्रं एका क्षणात रस्त्यावर असतं. आणि त्यांना गाडीच्या मागच्या बंपरला बांधायचं नाही. सायलेन्सर आणि दोन्ही नळ्या तिथेच, नेमक्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, आणि अजून चटका देणाऱ्या. वीसेक पावलं वर एक झाड होतं, दोघांना तिथे बांधलं, पाण्याचं भांडं ठेवलं.

इंजिन हात लावण्याइतकं निवायला अर्धा तास लागला. तेवढ्यात मागून येणारा एक ट्रक थांबला. चालक साठीचे, उतरल्या उतरल्या त्यांनी इंजिनाकडे न बघता आधी मोतीच्या डोक्यावर हात ठेवला.

"दुसरा पट्टा आहे ना जवळ?"

"आहे काका."

"मग झालं. पुलीच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवा, नाहीतर नट नुसता पुलीसकट फिरत बसेल."

काम असं. डायनॅमोच्या पुलीच्या कडेला खाच असते. तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून तो डायनॅमोच्या वरच्या स्क्रूला टेकवायचा, म्हणजे पुली फिरत नाही. २१ मिलिमीटरच्या पान्याने मधला नट सोडायचा. पुली दोन अर्ध्यांची असते, बाहेरचा अर्धा काढला की आत पातळ चकत्या दिसतात. पट्टा आधी खालच्या पुलीवर, मग वर. चकत्या दोन अर्ध्यांच्या मधे जास्त ठेवल्या तर पट्टा सैल, मधून काढल्या तर घट्ट. काढलेल्या चकत्या फेकायच्या नाहीत, त्या बाहेरून नटाखाली ठेवायच्या, पुढच्या वेळी लागतात. नट आवळताना पुली फिरवत राहायचं, नाहीतर पट्टा दोन अर्ध्यांत चिमटला जातो आणि तिथूनच पुन्हा फाटतो. शेवटी अंगठ्याने मधोमध दाबून बघायचं. पट्टा सुमारे १५ मिलिमीटर दबला पाहिजे. फार घट्ट केला तर डायनॅमोचे बेअरिंग जातात, सैल राहिला तर घसरतो आणि पंखा पुरेसा फिरत नाही.

"नवा पट्टा ताणतो," काका हात पुसत म्हणाले, "खाली उतरलात की परत दाबून बघा." बघितल्यावर खरंच एक चकती काढावी लागली. जाताना त्यांनी विचारलं, कुत्र्यांना पाव चालेल का. साधा पाव चालला. मनुका घातलेला असता तर नको म्हणावं लागलं असतं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक असतात, आणि कांदा, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) घातलेला च्युइंगगम हेही तसेच वर्ज्य. वाटेत भेटणारी माणसं प्रेमाने देतात, त्यामुळे आपला सुका खाऊ खिशात ठेवून तोच त्यांच्या हाती द्यावा.

तिसरा दिवस : पाऊस आणि हीटर

रात्रीचा मुक्काम डोंगरावर. पलंगावर आपली चादर अंथरली की मालकांची अर्धी काळजी मिटते. उजाडताना पाऊस सुरू झाला आणि दिवसभर थांबला नाही.

ओलं कुत्रं गाडीत घेतलं की पाच मिनिटांत सगळ्या काचा आतून पांढऱ्या होतात. बीटलची पुढच्या काचेवरची गरम हवा अशक्त, आणि दोन कुत्र्यांचं धापणं तिला पुरून उरतं. म्हणून गाडीबाहेर, आडोशाला, दोन टॉवेल. पहिला पाणी टिपायला, दुसरा खरोखर कोरडं करायला. पोट, काखा आणि बोटांच्या मधली जागा विसरू नये, पाणी तिथेच साठतं. मग दोन्ही तिकोनी काचा थोड्या उघड्या. पावसात त्यांतून पाणी फारसं येत नाही आणि दमट हवा बाहेर जाते. काच आतून पुसायला वेगळं कोरडं कापड, कुत्र्यांचा टॉवेल नाही, त्याचा तेलकटपणा काचेवर पसरतो आणि समोरच्या दिव्यांची चमक दुप्पट होते.

डोंगरावर थंडी होती, हीटर लावावासा वाटणं साहजिक. या गाडीत गरम हवा येते ती एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या डब्यांतून. डबे किंवा नळ्या आतून गंजल्या असतील, सांधे सुटले असतील, तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्या वायूला वास नसतो. जळक्या धुराचा किंवा ऑइलचा वास आला तर त्याच्यासोबत तो आहे असंच समजावं, आणि वास नाही म्हणजे तो नाही असं मात्र समजू नये. माणसाचं डोकं दुखायला लागतं, कुत्रं बोलू शकत नाही, ते नुसतं मलूल होतं, उठवलं तर लडखडतं. आणि आपण म्हणतो, दमून झोपलंय. जुन्या गाडीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवावा, खाली मागच्या सीटच्या उंचीवर. हीटर लावल्यावर काच बोटभर उघडी, आणि प्रत्येक थांब्यावर कुत्र्यांना हाक मारून उभं करून बघायचं. मोती हाकेसरशी कान उभारतो, पण उठायला आळस करतो, त्यामुळे त्याची परीक्षा खाऊची पिशवी वाजवून. दोन्ही वेळा तो पिशवी पूर्ण उघडायच्या आत उभा.

मागचं दार वर उघडणाऱ्या गाड्यांत कुत्र्यांना वारा लागावा म्हणून ते दार अर्धवट उघडं ठेवून चालवतात. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टचा धूर उलटा आत ओढला जातो. नव्या गाडीतही हे करू नये.

संध्याकाळी पाऊस असतानाच मोतीला पायरीवरून गाडीत चढताना मागच्या पायांत जोर कमी पडला. नऊ वर्षांच्या मोठ्या कुत्र्याचे कमरेचे सांधे थंडीत आखडतात. बीटलला दाराखाली फूटबोर्ड आहे, पण त्याचं ओलं रबर घसरतं. त्यावर खरबरीत चटईचा तुकडा, पुढची सीट पूर्ण दुमडून, त्याचे पुढचे पाय आत, मग मांड्यांखाली हात घालून उचल. पोटाखालून उचलू नये.

चौथा दिवस : समुद्र

ऊन पडलं. वाळूवर दोघं तासभर धावली, म्हणजे चिंगी धावली आणि मोती तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. किनाऱ्यावर एक ताई आपल्या म्हाताऱ्या पामेरियनला घेऊन फिरत होत्या. त्या पशुवैद्य निघाल्या. चिंगी लाटेवर तोंड मारते आहे हे त्यांनीच लांबून बघितलं.

"पाणी पाजलंय का तिला गोडं?"

"आल्या आल्या."

"परत पाजा. आणि दर पंधरा मिनिटांनी हाक मारून पाजत राहा. खारं पाणी पोटात गेलं की आधी जुलाब, जास्त गेलं तर झटके. चेंडू पाण्यात टाकू नका, चेंडूबरोबर घोटघोट जातं."

गाडीसाठी वाळू आणि मीठ दोन्ही वाईट. बीटलचे पेडल जमिनीतून वर येतात, त्यांच्या बिजागऱ्या तळालाच. कुत्र्यांच्या अंगावरची वाळू झडून तिथे साचली की क्लच आधी करकरतो, मग अडकतो. म्हणून कुत्री गाडीपर्यंत येण्याआधी धुतली. दहा लिटर गोडं पाणी त्यासाठी वेगळं होतं: मोतीला सहा, चिंगीला तीन, उरलेलं पंजांसाठी. खारट केस सीटवर घासले तर मीठ शिवणीत बसतं, हवेतला ओलावा ओढतं आणि खालच्या स्प्रिंगांना गंज चढवतं.

रंगाचीही गोष्ट इथलीच. वाळू लागलेले पंजे दारावर टेकले की वाळू सँडपेपरचं काम करते. दाराच्या काचेखालच्या कडेवर टॉवेल टाकून ठेवावा. पंजा उमटलाच तर कोरड्या कापडाने पुसू नये. आधी भरपूर पाणी ओतून वाळू वाहून जाऊ द्यावी, मग ओलं मऊ कापड.

दुपारी वाळू तापली. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही, तर ती कुत्र्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. डांबराचं तर विचारूच नये, हवा २५ अंशांवर असताना उन्हातलं डांबर पन्नाशी गाठतं.

परतीचा दिवस : ऊन

परतताना मळभ नव्हतं, एसी या गाडीत नाहीच. पहाटे पाचला निघून अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं, मग चारपर्यंत सावली, हा एकच मार्ग. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते, अर्ध्या तासात १९च्या आसपास, आणि काच दोन बोटं उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. बाहेर ३० असेल तर दहा मिनिटांत आत ४०. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश. ४१च्या वर गेलं की अवयव बिघडायला लागतात. घाम फक्त पंजांना, तोही नावाला, बाकी सगळा भार धापण्यावर. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही, त्यांना अशा दिवशी एसी नसलेल्या गाडीत नेऊच नये. जेवायला उतरताना कुत्री गाडीत ठेवायची नाहीत, पाच मिनिटंही नाही. आळीपाळीने जेवावं.

जीभ बाजूने लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या की थांबायचं. साध्या थंड पाण्याने पोट, मांड्या, पंजे भिजवत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो काही मिनिटांत गरम होऊन उष्णता आत कोंडतो. आधी गार करायचं आणि मग दवाखान्याकडे निघायचं, उलटं नाही. या वेळी तिथवर गेलं नाही. मोतीची जीभ लांबली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि वडाची सावली समोरच होती.

त्या थांब्यानंतर गाडी लगेच सुरू होईना. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, उष्णता साचते आणि पंपाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. मागचं झाकण उघडं ठेवून, पंपावर ओलं फडकं ठेवून पाऊण तास. स्टार्टर मारत बसलं की फक्त बॅटरी उतरते. कुत्री तोवर सावलीत पोट मातीला लावून झोपली होती.

घरी आल्यावर

आधी कुत्री. कानांच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीच्या बुडाशी गोचीड बघायची. मिळाली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल किंवा काडेपेटी नाही.

मग गाडी, त्याच दिवशी. कव्हर आणि चादर काढून झटकायची, हातात रबरी हातमोजा ओला करून सीटवरून एकाच दिशेने ओढायचा, केस गोळा होऊन येतात. व्हॅक्यूम त्यानंतर. काचेवर वाळलेली लाळ खरवडायची नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड पाच मिनिटं चिकटवून ठेवलं की ती सुटते. रेक्झिन सौम्य साबणाच्या पाण्याने, चामडं असेल तर फक्त चामड्याच्या क्लीनरने, व्हिनेगर चामड्याला लावू नये. लघवीचा वास राहिला असेल तर एन्झाइमवाला क्लीनर, आणि तो बाटलीवर सांगितलेला पूर्ण वेळ ओला राहू द्यायचा. लगेच पुसला तर काही उपयोग नाही.

शेवटी सीट उचलायची. काथ्याला हात लावून ओल बघायची, ओला लागला तर सीट बाहेर उन्हात दोन दिवस. बॅटरीखालचा पत्रा पुसून कोरडा, झाकण जागेवर, पट्टी आवळलेली. फॅन बेल्ट पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून, आणि तुटलेल्याच्या जागी नवा सुटा पट्टा २१च्या पान्यासकट पिशवीत. मग दोन्ही तिकोनी काचा उघड्या ठेवून गाडी रात्रभर गॅरेजमध्ये.